धाव, रिम आणि हौगांगमधली चार चाकं

गेले तीन शनिवार-रविवार मी आमच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरामागच्या, कपडे वाळत घालायच्या जागेत पाट टाकून मोटारीची चाकं घासत बसलो होतो. एका वेळी एक चाक. गाडी खाली मल्टिस्टोरी पार्किंगमध्ये, जॅकवर नाही, तर मित्राकडून मागून आणलेल्या जुन्या चाकांवर उभी. बायकोचं म्हणणं, "लोक सिंगापूरला येऊन युनिव्हर्सल स्टुडिओला जातात, तू कल्हईवाला झालास." उपमा तशी चुकीची नाही. लहानपणी सांगलीत आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा, भाता मांडून बसायचा, आणि नवसागराचा तो पांढरा धूर निघाला की आम्ही पोरं भोवती कोंडाळं करायचो. काळं पडलेलं पातेलं क्षणात चांदीसारखं. माझ्या चाकांना मात्र क्षण नाही, तीन आठवडे लागले. आणि शेवटी चारांतलं एक गेलंच. पण ते पुढे.

मंडळी, आधी इथली परिस्थिती सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की परदेशात राहून हा माणूस एवढी कंजुषी का करतो. सिंगापुरात गाडी घ्यायची तर आधी गाडी ठेवण्याचा परवाना लिलावात घ्यावा लागतो. त्याला इथे सगळे 'सीओई' म्हणतात. ही पद्धत मे १९९० मध्ये सुरू झाली. परवाना दहा वर्षांचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या गाड्यांच्या परवान्याची बोली दीड लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेली होती. नुसता परवाना बरं का, गाडी वेगळी. दहा वर्षं झाली की एकतर त्या वेळच्या भावाने पैसे भरून परवाना पाच किंवा दहा वर्षांनी वाढवा, नाहीतर गाडी मोडीत काढा किंवा देशाबाहेर पाठवा. त्यामुळे इथे नऊ वर्षांच्या ठणठणीत गाडीकडेही लोक असं बघतात जसं आपण तारीख उलटत आलेल्या औषधाकडे बघतो. दुरुस्तीवर खर्च कोण करणार?

आमची गाडी अकरा वर्षांची. सेकंडहँड घेतलेली, परवाना पाच वर्षांनी वाढवलेला. इंजिन उत्तम, पण चाकांची रया गेलेली. अलॉयची चाकं आहेत, फुटपाथच्या कडांना घासून घासून कडा कुरतडल्यासारख्या झालेल्या, आणि वरच्या पारदर्शक लॅकरखाली पांढऱ्या, नागमोडी रेषा पसरलेल्या. लाकडात वाळवी चालावी तशा. लॅकरला कुठेतरी बारीक चीर पडते, त्यातून दमट हवा आणि क्षार आत शिरतात, आणि ॲल्युमिनियमचा गंज त्या थराखालून बोगदा खणत पुढे सरकतो. समुद्राने वेढलेल्या बेटावर, बारा महिने घामट हवेत, हे व्हायचंच. त्यात ब्रेकमधून उडणारी लोखंडाची गरम भुकटी चाकावर चिकटते आणि गंजायला मदत करते.

आमच्या मजल्यावर एक म्हातारे टिओच्यू चिनी अंकल राहतात. त्यांचा जन्म हौगांगचाच, म्हणजे इथे इमारती व्हायच्या आधीचा. हौगांग हे नाव मँडरिन उच्चाराचं. त्यांच्या बोलीत ते 'आउ कांग', म्हणजे नदीच्या पाठीमागचा भाग. नदी म्हणजे सेरंगून नदी, आज ती इतकी मुकाट वाहते की लक्षातही येत नाही. एकेकाळी इथे डुकरांचे गोठे होते आणि नदीकाठी कांगकारला मासेबाजार भरायचा. तो बाजार १९८४ साली पुंगोलला हलला. गोठेही गेले, सरकारी घरांच्या रांगा आल्या, आणि २००३ साली खालून मेट्रो धावू लागली. अंकल तरुणपणी लॉरी चालवायचे. माझी घासाघीस बघून ते दारात थांबले, चाकावर बोट फिरवलं आणि इंग्रजी, मलय, टिओच्यू मिसळून म्हणाले ते साधारण असं, की आमच्या वेळी गाडीचं काही बिघडलं तर रस्त्याच्या कडेला बसून नीट करायचो, आता पोरं फोन करतात.

चाकांच्या बाबतीत सिंगापूरचा आणि आपला संबंध मोटारीच्या कितीतरी आधीचा आहे. इथल्या चायनाटाउनला मलय लोक 'क्रेता आयर' म्हणतात, म्हणजे पाण्याची गाडी. चिनी लोकांचं नाव आणखी नेमकं, 'बैलगाडीचं पाणी'. तिथल्या झऱ्यांचं आणि विहिरींचं पाणी बैलगाड्यांतून गावभर जायचं. गुरांच्या धंद्यात आणि गाड्या हाकण्यात हिंदुस्थानी माणसं बरीच होती. लिटल इंडियात आजही 'बफेलो रोड' आहे. रोज तिथे भाजी घेताना म्हशींची आठवण कुणालाही येत नाही, ते सोडा. मग १८८० मध्ये शांघायहून हातरिक्षा आल्या, आणि १८९६ मध्ये पहिली मोटार. चार्ल्स बकले नावाच्या गृहस्थांनी बेंझ आणली. ती इतकी खडखडायची की लोकांनी तिला 'कॉफी मशीन' नाव ठेवलं. आपल्या मुंबईत मोटारी १८९८ साली आल्या आणि जमशेटजी टाटा पहिल्या मालकांपैकी एक होते. म्हणजे सिंगापूरने दोन वर्षांनी बाजी मारली.

पण मला घासता घासता आठवत होतं ते माझ्या आजोळचं चाक.

मिरजेच्या पुढे, कृष्णेच्या काठी आमचं आजोळ. मी पाहिलं तेव्हा ऊस ट्रॅक्टरने आणि टायरच्या गाडीने जात होता, पण आजोबांची लाकडी चाकांची गाडी गोठ्याशेजारी उभी होती. त्या चाकाची रचना बघण्यासारखी. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले आरे, आऱ्यांच्या टोकाला बाभळीच्या बाकदार तुकड्यांचं कडं, आणि सगळ्याला बाहेरून आवळणारी लोखंडी पट्टी. ती 'धाव'. किती सुंदर शब्द आहे! इंग्रजीत टायर म्हणतात. आपल्याकडे वस्तूचं नाव तिच्या कामावरून.

धाव बसवण्याचा कार्यक्रम मी एकदाच पाहिला, सहा-सात वर्षांचा असताना. लोहाराने पट्टी चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवून तिचं कडं केलं. मग जमिनीवर ते आडवं ठेवून भोवती गोवऱ्या रचल्या आणि पेटवल्या. कडं तापून लाल झालं, फुगलं. तीन-चार माणसांनी लांब चिमट्यांनी ते उचललं, चाकावर ठेवलं, घणाने ठोकून बसवलं आणि लगेच घागरींनी पाणी ओतलं. लाकूड जळल्याचा वास, वाफेचा ढग, आणि त्यातून कडकड असा आवाज. आकसणारं लोखंड आऱ्यांना तुंब्यात घट्ट दाबत होतं. पुढे वालचंद कॉलेजात दुसऱ्या वर्षाला 'श्रिंक फिट' शिकवलं तेव्हा फळ्यावरचं समीकरण बघून मला गोवऱ्यांचा वास आला होता. रेल्वेच्या डब्यांची जुनी चाकंसुद्धा अशीच असायची. आत चाक, बाहेरून गरम करून चढवलेली पोलादी धाव. झिजली की लेथवर तासायची, फारच झिजली की नवी चढवायची. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसायचं आणि धाव सैल पडायची. मग गाडी नदीच्या पाण्यात उभी करायची. लाकूड पाणी पिऊन फुगलं की चाक पुन्हा घट्ट. ही घरच्या घरी दुरुस्ती, फुकटातली. तेवढ्याने भागेना तेव्हा सुतार-लोहाराकडे. आणि त्यांना पैसे दर दुरुस्तीचे मिळत नसत. वर्षाला धान्य, म्हणजे बलुतं. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली या व्यवस्थेवर लिहिलेल्या पुस्तकाला नावच 'गावगाडा' दिलं. इंजिनियरच्या नजरेने बघितलं तर बलुतं म्हणजे वार्षिक मेंटेनन्स काँट्रॅक्ट. चाक वारंवार मोडलं तर नुकसान सुताराचं, कारण धान्य तेवढंच आणि काम जास्त. त्यामुळे चाक टिकवण्यात त्याचाच फायदा. इथल्या सीओईचं गणित बरोबर उलटं आहे. अर्थात त्या व्यवस्थेचे गोडवे गायचं कारण नाही. सुताराच्या मुलाने सुतारच व्हायचं आणि धान्य देताना पाटलाचा हात आखडला तर गप्प बसायचं, हेही त्याच काँट्रॅक्टमध्ये होतं.

लोखंडी चाकाची पुढची गोष्ट आपल्याकडे बेळगावात सुरू होते असं मी मानतो. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे भावाबरोबर सायकलींचं दुकान काढलं. पुढचे नांगर, पंप, किर्लोस्करवाडी सगळ्यांना ठाऊक असतं, पण सुरुवात तारेच्या आऱ्यांच्या चाकापासून. त्याच वर्षी तिकडे बेलफास्टमध्ये डनलॉपने हवेच्या टायरचं पेटंट घेतलं, हा नुसता योगायोग. लाकडी आरा वजन खालून तोलतो. सायकलीची तार वजनाला वरून टांगून धरते. म्हणून सायकलवाल्याने किल्लीने एकेक आरा पिळून चाकाची 'आउट' काढली की तेच चाक नव्यासारखं फिरतं. मोडलं, वाकलं, पुन्हा ताणलं, असं त्या चाकाचं आयुष्य किती, ते कुणी सांगू शकत नाही.

मोटारीला पुढे पत्र्याची, म्हणजे दाबून आकार दिलेल्या पोलादाची चाकं आली. आमच्याकडे बाबांची फियाट होती. प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद हा सोलापूरचा माणूस, त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या कित्येक वर्षं निघत होत्या. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली तेव्हा मी इथे बसून बातमी वाचली आणि उगाचच बाबांना फोन केला. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी बाबा चारही चाकं काढायचे. पॉलिशपेपरने गंज घासायचा, खड्ड्यांत लांबी भरायची, रेड ऑक्साइडचा हात, वर सिल्व्हर पेंट. माझ्याकडे व्हीलकप चमकवायचं काम, रांगोळी आणि चिंच वापरून. दसऱ्याला झेंडूची माळ पडली की गाडी शोरूममधून आल्यासारखी. पोलादाच्या चाकाचा स्वभाव मोकळा आहे. मार बसला तर ते वाकतं, हातोडीने ठोकलं तर बरंचसं सरळ होतं, आणि गंज दिसतो तो वरच. त्याच्या पोटात सहसा काही नसतं.

अलॉयचं तसं नाही. इथे मला माझ्या धंद्यातलं थोडं सांगावं लागेल, कंटाळू नका.

शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं. १८८६ साली हॉल आणि एरू या दोघांनी वेगवेगळं काम करून ते विजेने स्वस्तात काढायची पद्धत शोधली, पण त्याचं चाक करणं म्हणजे पातेल्यावर गाडी चालवणं. १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म ॲल्युमिनियममध्ये थोडं तांबं आणि मॅग्नेशियम मिसळून, तापवून, पाण्यात बुडवून कडक होतंय का बघत होता. शनिवारी मोजलं तर विशेष काही नाही. सुट्टीनंतर पुन्हा मोजलं तर धातू कितीतरी कडक झालेला, नुसता पडल्या पडल्या! का, ते तेव्हा कुणालाच कळेना. पुढे १९३८ मध्ये गिनिये आणि प्रेस्टन यांनी क्ष-किरणांनी दाखवलं की धातूच्या आत मिसळलेले अणू अतिसूक्ष्म पुंजक्यांत जमा होतात आणि धातूचे थर एकमेकांवरून घसरू देत नाहीत. आजचं बहुतेक अलॉय चाक याच तत्त्वावर उभं आहे. सुमारे सात टक्के सिलिकॉन, किंचित मॅग्नेशियम, ओतून घ्यायचं, ५४० अंशांच्या आसपास तापवायचं, पाण्यात बुडवायचं आणि मग दीडशे अंशांच्या थोडं वर काही तास मुरवायचं. लोणचं मुरावं तसं.

मोटारीला असं ओतीव चाक पहिल्यांदा नाव मिळवून गेलं ते बुगाटीमुळे. ऑगस्ट १९२४ मध्ये लियोंच्या शर्यतीत टाइप ३५ उतरली, आठ चपट्या आऱ्यांच्या ॲल्युमिनियमच्या चाकांवर, ब्रेकचा ड्रमही चाकातच ओतलेला. त्या दिवशी टायरांनी दगा दिला आणि शर्यत हातची गेली, पण चाकाची कल्पना राहिली. पुढे अमेरिकेत शर्यतीच्या गाड्यांना मॅग्नेशियमची चाकं आली. आपल्याकडे बाइकच्या ॲल्युमिनियमच्या चाकालाही पोरं सर्रास 'मॅगव्हील' म्हणतात, ते तिथून आलेलं.

तर मुद्दा असा, की या चाकाची ताकद त्याच्या मुरण्यात आहे. ते पुन्हा दोनशे-अडीचशे अंशांच्या वर नेऊन ठेवलं की आतले ते बारीक पुंजके मोठे आणि विरळ होतात आणि धातू मऊ पडतो. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून घरी काय करायचं आणि काय नाही याची रेघ माझ्यासाठी स्पष्ट होती. घासणं, भरणं, रंगवणं चालेल. गॅसच्या ज्योतीने तापवून सरळ करणं आणि वेल्डिंग, अजिबात नाही.

काम सांगायला सोपं. आधी ब्रेकची काळी पूड धुऊन काढायची. मग जुना रंग आणि लॅकर रिमूव्हरने सोलायचं, गंजाचे बोगदे १८० नंबरच्या पॉलिशपेपरने मुळापर्यंत घासायचे, कडांची दातेरी धार कानशीने बोथट करायची, उथळ ओरखड्यांत लांबी भरायची, आणि ४००, ८०० असं बारीक करत जायचं. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर हवा लागताच तयार होतो आणि साधा रंग त्यावर धरत नाही, म्हणून किंचित आम्ल असलेला एच प्रायमर. मग सिल्व्हर, मग लॅकर. सगळे हात पातळ. पहिल्या चाकावर मी घाई केली. पाऊस पडून गेल्यावर लगेच लॅकर मारलं आणि दहा मिनिटांत त्यावर दुधी साय आली. उडणारं थिनर पृष्ठभाग गार करतं आणि दमट हवेतली वाफ त्यावर जमते. सगळं घासून परत. नंतर मी मोबाइलवर आर्द्रतेचा आकडा बघून, मोठ्या खोक्यात चाक ठेवून, मास्क लावून रंग मारायला शिकलो. शेजाऱ्यांनी तक्रार केली नाही ही त्यांची कृपा.

चौथ्या चाकाचा आतला भाग सोलला आणि आतल्या कडेला एक रेघ दिसली. चार सेंटिमीटर असेल. कडा तिथे किंचित आत वाकलेली, कधीतरी खड्ड्यात किंवा फुटपाथला जोरात आदळलेली असणार. रंगाखाली रेघ झाकलेली होती. ओरखडा की तडा? लाल रंग फवारायचा, वीस मिनिटं थांबायचं, पुसून टाकायचं आणि वर पांढरी पावडर मारायची. तडा असेल तर आत शिरलेला लाल रंग पावडरीत झिरपून वर येतो. पूर्वी रेल्वेच्या कारखान्यांत हेच तेल आणि खडूने करत. पाच मिनिटांत पांढऱ्यावर लाल रेघ उमटली. ब्लेडने कापल्यासारखी.

चौकशी केली तर एका दुकानात म्हणाले, "नो प्रॉब्लेम, वेल्डिंग करून, पॉलिश करून देतो, कळणार पण नाही." कळणार नाही, हीच तर भानगड. बाबांना फोन केला. त्यांचं पहिलं वाक्य, "अरे, मग घे की वेल्डिंग मारून. एवढं चांगलं चाक फेकतोस काय?"

मी त्यांना एशडेची गोष्ट सांगितली. ३ जून १९९८, जर्मनी. म्युनिकहून हँबर्गला निघालेली वेगवान रेल्वे, ताशी २०० किलोमीटर. तिची अखंड चाकं डबे हादरवत होती म्हणून बाहेरून पोलादी धाव आणि मध्ये रबर अशी चाकं बसवलेली. एका चाकाची धाव तुटली. नवी असताना चाकाचा व्यास ९२० मिलिमीटर होता, झिजत आणि तासत तो ८६२ वर आला होता. नियमाने ८५४ पर्यंत चालत होतं, म्हणजे कागदावर चाक ठीक होतं. पण रबरावर बसलेली धाव प्रत्येक फेऱ्याला थोडी वाकत होती, जितकी पातळ तितकी जास्त, आणि तडा वाढत होता तो आतल्या अंगाने, जिथे कुणाला दिसत नव्हता. १०१ माणसं गेली. धातू एका फटक्यात तुटत नाही बाबा, तो थकतो. माझी पीएचडी त्याच थकव्यावर आहे. आणि मागच्या सीटवर सान्वी बसते.

पलीकडे थोडा वेळ आवाज नाही. मग बाबा म्हणाले, "आमच्या अण्णांकडे सुतार चाक बघायला यायचा ना, तर आधी तुंब्यावर लाकडी हातोडी मारून कान लावायचा. बद्द वाजलं की म्हणायचा, अण्णा, हे आता चुलीला. अण्णा चिडायचे, पण ते चाक परत गाडीला लावलेलं मी पाहिलं नाही." मग थोडं थांबून, "नवीन केवढ्याला पडेल? पैसे पाठवू का?"

पैशांची गरज पडली नाही. या गावात दहा वर्षांच्या गाड्या रोज मोडीत निघतात, त्यांची चाकं मिळतात. त्याच मापाचं, त्याच आऱ्यांचं एक चाक मिळालं. त्यालाही आधी सोललं, लाल रंग मारला, पांढरी पावडर मारली. काही उमटलं नाही. मग रंगवलं.

तडा गेलेलं चाक मी हॅकसॉने कापलं. तडा उघडून भिंगाखाली धरला तर शिंपल्यावर असतात तशा बाकदार रेषा, एकीमागे एक, वाकलेल्या कडेपासून निघालेल्या. अंकलना दाखवल्या. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि उरलेला मोठा तुकडा कुंडीखाली ठेवायला मागून घेतला. नव्या चाकाचं सिल्व्हर बाकी तिघांपेक्षा एक छटा उजळ आलंय, डबा तोच असून. सान्वी त्याला 'पाहुणं चाक' म्हणते. ते मागे डावीकडे लावलंय, तिच्या बाजूला.